ओलायातली भुतं आणि भोपळ्याचे घारगे

कुठल्या भुताला राहायला कशी जागा लागते, हे कोकणातल्या शाळकरी पोरालासुद्धा पाठ असतं. पिंपळावर मुंज्या, पडक्या वाड्यात समंध, डोहात गिऱ्हा, गावाच्या सीमेवर देवचार. रियाधच्या ओलाया भागात यातली एकही सोय नाही. पिंपळ नाही, डोह नाही, आणि पडका वाडा असलाच तर सहा महिन्यांत तिथे कॉफीचं दुकान निघतं. झाडं म्हणाल तर खजुरीची, तीही बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळून घेतलेली. एका अंगाला २६७ मीटरचा फैसलिया टॉवर, दुसऱ्या अंगाला ३०२ मीटरचं किंगडम सेंटर, आणि दोन्हींचे दिवे असे की अमावास्या आली काय नि गेली काय, कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय इथली भाडी! ओलायातल्या दोन खोल्यांचं वर्षाचं भाडं ऐकलं असतं तर अतृप्त समंधानेही जागेवरचा हक्क लेखी सोडून दिला असता.

अपवाद फक्त चकव्याचा. तो किंग फहद रोडवर राहतो. तुम्हाला उतरायचं असतं समोर दिसणाऱ्या इमारतीपाशी. सर्व्हिस रोडला जायची फट डोळ्यांदेखत निघून जाते आणि मग पुढच्या यू-टर्नचा शोध घेत माणूस तीच इमारत चारही दिशांनी बघत राहतो. गावाकडे चकवा लागला तर चप्पल उलटी घालायची असते. इथे मॅप उलटा धरून पाहिला, उपयोग नाही.

माझ्या सासूबाई गुहागरहून व्हिजिट व्हिसावर आल्या तेव्हा पहिल्याच रात्री त्यांनी गॅलरीतून चारी बाजूंना बघून घेतलं आणि निकाल दिला, “इथे काही नाही गो. ओसाड आहे.” ७० लाख वस्तीच्या शहराला ओसाड म्हणणाऱ्या त्या पहिल्याच असाव्यात. पण त्यांची शिरगणती वेगळी असते.

अशा या भुतांच्या दृष्टीने दुष्काळी गावात हॅलोविन यावा, हा प्रकार मुळात गमतीचा. आम्ही इथे आलो तेव्हा तो फक्त परदेशी लोकांच्या कंपाउंडांत, उंच भिंतींच्या आड, पडदे ओढून व्हायचा. २०१८ साली रियाधमधल्या अशाच एका हॅलोविन पार्टीवर धाड पडून फिलिपिनो बायकांना अटक झाल्याची बातमी आली होती. आणि मग २०२२ च्या ऑक्टोबरात, २७ आणि २८ तारखेला, खुद्द ‘रियाध सीझन’ या सरकारी महोत्सवात बुलेव्हार्डवर ‘स्केअरी वीकेंड’ झाला. भुताचा वेश करून येणाऱ्याला प्रवेश फुकट! चार वर्षांत भूत आरोपीच्या पिंजऱ्यातून निघून सरकारी पाहुणा झालं. त्याच २०१८ मध्ये सिनेमाघरं उघडली, बायका गाड्या चालवू लागल्या. तेव्हा एखाद्या सांगाड्याने रस्त्यावर यायला हरकत ती काय? ‘स्केअरी वीकेंड’च्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो होते. खाली पांढरा पायघोळ थोब आणि वर राक्षसाचा मुखवटा असे गंभीरपणे चालणारे लोक. फोटो बघून आमच्या इमारतीतल्या पोरांचे डोळे चमकले. पोरांचे डोळे चमकले की आयांच्या पोटात गोळा येतो, कारण पुठ्ठा कापायला शेवटी आयाच बसतात.

तरी ते प्रकरण चॉकलेट-वाटपावर भागत होतं. घोळ केला तो २०२४ च्या पंचांगाने. ३१ ऑक्टोबरच्या चौकोनात कालनिर्णय सांगत होतं नरक चतुर्दशी, आणि लेकीच्या वर्गातल्या मैत्रिणी सांगत होत्या हॅलोविन. वार गुरुवार, म्हणजे इथल्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीची आदली संध्याकाळ. सबब सांगायलाही जागा नाही. पहाटे असुराचा वध करायचा आणि संध्याकाळी भुतांना चहा-फराळ द्यायचा, असा तो एकूण कार्यक्रम. “दोन्ही एकातच उरकू,” असं इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीच लिहिलं. उरकू हे क्रियापद मराठी बाईने जपून वापरावं. त्यात काम कमी होत नाही, फक्त एकाच दिवशी येतं.

पहाटेपासून सुरुवात. अभ्यंगस्नानानंतर डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायला कारीट हवं. कारीट कुठून आणणार? पण वाळवंटात सहलीला गेलेल्या एका शेजाऱ्याने येताना हंझलची चार फळं आणली होती. हंझल म्हणजे आपलं कडू इंद्रावण. रियाधबाहेर वाळूत आणि सुक्या ओढ्यांत त्याचे वेल आपोआप पसरतात, बुटक्या कलिंगडासारखी फळं धरतात आणि कडूपणाची हद्द सांगायची असली की अरबी माणूस त्याचंच नाव घेतो. नरकासुराला याहून योग्य प्रतिनिधी वाळवंटात सापडला नसता. फळ फोडलं, पण रीतीप्रमाणे थेंबभर रस जिभेला लावायचा सासूबाईंचा आग्रह होता. जुन्या वैद्यकात हंझल हे जालीम जुलाबाचं औषध आहे, हे ऐकल्यावर त्यांनी रीत तेवढ्यापुरती शिथिल केली. पोरांना लगेच शाळेत जायचं होतं.

आमच्याच मजल्यावर पेडण्याचं एक जोडपं आहे. हॅलोविनचा विषय निघाला की त्यातले भाऊजी दुखावल्यासारखे होतात. “आमच्याकडे हे आहेच हो. आदल्या रात्री अख्खा गोवा नरकासुर करत बसतो.” ते खरंच आहे. बांबू, गवत, रद्दी, रंग, मुखवटा. वाड्यावाड्यांतली पोरं घरापेक्षा उंच नरकासुर उभे करतात, त्यांच्या स्पर्धा लागतात, मिरवणुका निघतात आणि पहाटे त्यांना जाळतात. भाऊजींनी एसीच्या रिकाम्या खोक्याचं नरकासुराचं डोकं केलं होतं. सुळे थर्मोकोलचे, मिशा घरातल्या फरशी पुसायच्या मॉपच्या. मॉप नवाकोरा होता, हे वहिनींनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. आता रियाधच्या इमारतीत नरकासुर जाळणार कुठे? जिन्यात अगरबत्ती जास्त झाली तरी धुराचा भोंगा वाजतो. म्हणून त्या असुराला संध्याकाळपर्यंत जीवदान मिळालं आणि हॅलोविनची मुख्य सजावट म्हणून तो हॉलच्या कोपऱ्यात बसला. पुराणात कुठल्या असुराची इतकी सोय झाल्याचं वाचनात नाही.

बाकी सजावटीचं सामान ‘अबू रियालैन’मधून, म्हणजे दोन रियालवाल्या दुकानातून. नाव दोन रियालचं असलं तरी २०२० मध्ये व्हॅट पंधरा टक्के झाल्यापासून दोन रियालला तिथे सहानुभूती मिळते. काळा कार्डपेपर, कापूस, बँडेजच्या गुंडाळ्या, नारिंगी जिलेटिन. उरलेलं जरीरमधून, जरीरला पुस्तकांचं दुकान म्हणतात, पण आम्ही आया तिथे वर्षभर चार्टपेपरसाठीच जातो. कापूस ताणून कोळ्याचं जाळं करायचं, असं लेकीने मोबाइलवर पाहिलं होतं. सासूबाईंनी कापूस हातात घेतला आणि बोलता बोलता त्याच्या वाती वळून टाकल्या. जाळ्याचं सगळं सामान देवघरात गेलं. पुन्हा कापूस आणला. या वेळी तो लपवून ठेवावा लागला.

पांढऱ्या चादरीचं भूत करायचा बेत मात्र पोरांनीच रद्द केला. ज्या शहरात अर्धे लोक पायघोळ पांढऱ्या थोबात ऑफिसला जातात, तिथे पांढऱ्या चादरीला कोण भिणार? फार तर कुणी सलाम करील.

आणि कंदील. वर्षभर कशातच न सापडणारा आत्मविश्वास मला या एका वस्तूत सापडतो. बांबूच्या कामट्या इथे मिळत नाहीत. पण हे कबाबांचं गाव. लाकडी काड्यांचं शंभराचं पाकीट कुठल्याही बकाल्यात मिळतं. बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. शीश तावूकच्या त्या काड्या, दोरा आणि गव्हाच्या पिठाची खळ एवढ्यावर षट्कोनी सांगाडा उभा राहिला. पतंगाच्या कागदाऐवजी नारिंगी जिलेटिन लावलं, खाली झिरमिळ्या सोडल्या. मी फोडणी बघायला आत गेले तेवढ्यात पोरांनी त्याला दोन तिरके डोळे आणि करवतीसारखे दात चिकटवून टाकले. रागावणार होते, पण दिवा लावल्यावर तो असा काही हसायला लागला की आमचे मागचे सगळे आकाशकंदील त्याच्यापुढे मख्ख वाटले. सासूबाई म्हणाल्या, “हा कंदील की वेताळ?” आणि लगेच पुढे, “दात जरा समान काप. एक बाजू बोळकी दिसतेय.”

आता भोपळा. या विषयावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण अमेरिकन माणसाचं आणि मराठी बाईचं कधीच न जुळणारं एक मर्म इथे आहे. भोपळा कोरायचा, आतला गर काढून फेकून द्यायचा आणि रिकाम्या सालीत दिवा लावायचा, हे ऐकून सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गर फेकतात?” नवऱ्याने जाता जाता माहिती दिली की मूळ आयर्लंडात हे लोक सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर तिथे भोपळा मिळाला, तो मोठा नि कोरायला सोपा, म्हणून भोपळा. सासूबाईंना कारणात रस नव्हता. “सलगमचाही गर फेकायचे?”

सलगमचं म्हणाल तर रियाधमध्ये आयरिश माणसाला मान खाली घालावी लागेल. इथे शवर्मा-फलाफलच्या प्रत्येक दुकानात सलगमचं लोणचं असतं. बोटांएवढे लांबट तुकडे, बिटाचा तुकडा टाकून मुरवलेले, गडद गुलाबी. कापलेली रक्ताळ बोटं बाटलीत भरून ठेवावीत तसं ते दिसतं आणि वर्षाचे बाराही महिने, कसलाही सण नसताना, शांतपणे विकलं जातं. आमच्या पार्टीतला सर्वांत भीषण पदार्थ तोच ठरला. करायला काही लागलं नाही, झाकण उघडलं.

भोपळा आणायला सासूबाई स्वतः आल्या. सुपरमार्केटात दारातच नारिंगी, गोल, गुळगुळीत विलायती भोपळे रचून ठेवले होते आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत हॅलोविनची पाटी होती. सासूबाईंनी त्यांतल्या एकावर बोटाने टकटक केलं आणि पुढे निघाल्या. “पाणीच आहे आत.” भाजीच्या विभागात, मागे, हिरवट-तपकिरी पाठीचा, खाचा पडलेला, आपल्या डांगरासारखा गावठी भोपळा होता. त्यातला त्यांनी असा निवडला की दिसायला मला तो आधीपासूनच पछाडलेला वाटत होता. लेकीने तोंड वाकडं केलं, कारण तिला मोबाइलमधल्यासारखा नारिंगी हवा होता. शेवटी तह झाला: एक विलायती, दाखवायला, एक गावठी, खायला. दिवाळीत आमच्या घरात असे तह पुष्कळ होतात आणि सगळ्यांचा खर्च नवरा करतो.

घरी आल्यावर आणखी एक नियम निघाला. अख्खा भोपळा बाईने चिरायचा नसतो. पहिला घाव पुरुषाने घालायचा. त्यामुळे ऑफिसातून दमून आलेल्या नवऱ्याला बूटसुद्धा न काढू देता हातात सुरी देण्यात आली. त्याने एक घाव घातला, सुरी अडकली, आणि “माझं झालं ना?” असं विचारून तो आत गेला. या सोहळ्यातलं त्याचं अधिकृत योगदान एवढंच. अनधिकृत योगदानाबद्दल पुढे येईन.

विलायती भोपळ्याचं तोंड पोरांनी कोरलं आणि गावठीचा गर आम्ही. बिया निघाल्या त्या धुऊन हारिसकडे पाठवल्या. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. आमचा वरच्या इजिप्तमधला आहे. त्याने त्या मीठ लावून भाजल्या आणि संध्याकाळी दाराशी बसून कटकट फोडत आलेल्या प्रत्येक भुताची चौकशी केली. गराचा एक वाटा दहीभरितात गेला. मुख्य वाटा घारग्यांना. किस थोडा वाफवायचा, गरम असतानाच जवळजवळ तेवढाच गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, आणि मावेल तेवढी कणीक. कुरकुरीतपणाला मूठभर तांदळाची पिठी. पाण्याचा थेंब घालायचा नाही. ज्यांनी पाणी घातलं त्यांचे घारगे चिवट होतात आणि ती बाई पुढे सांगत फिरते की इथला भोपळाच चांगला नाही. घारगे थापताना लेकीने प्रत्येकाला बाटलीच्या झाकणाने दोन डोळे आणि सुरीने तोंड पाडलं. तुपात पडल्यावर काहींचे डोळे बुजले, काहींची तोंडं पसरली. एकाचा चेहरा आमच्या एका आतेसासूबाईंसारखा निघाला; नाव कुणी घेतलं नाही, पण तो घारगा शेवटपर्यंत ताटात उरला.

गराचा तिसरा वाटा तळमजल्यावरच्या घरमालकिणीकडे गेला. वयस्कर सौदी बाई. आमचं संभाषण तिचं तीस टक्के उर्दू, माझं दहा टक्के अरबी आणि उरलेलं डब्यांच्या देवाणघेवाणीतून चालतं. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो मरगूगने भरून. नज्दमधला हा घरगुती पदार्थ: मटणाच्या रश्श्यात भोपळा, भाज्या, आणि त्यात कणकेच्या पातळ पोळ्यांचे तुकडे शिजवलेले. सासूबाई गुहागरच्या, त्यामुळे मटणाला ना नव्हती. एक घास घेऊन म्हणाल्या, “ही तर वरणफळं!” आणि मग, बऱ्याच विचारान्ती, “वरणाच्या जागी मटण घालायचं आपल्याला कसं सुचलं नाही?”

फराळाचं भूतकरण मात्र अगदी सोपं निघालं. मला तर वाटायला लागलं की आपला फराळ मुळात भुतांसाठीच केला असावा. बेसनाचा लाडू आणि त्यावर बेदाणा: डोळा आयता. करंजी उभी धरा: मुरड म्हणजे एकसारखे दात. चकली आडवी ठेवून बाजूंनी शेवेचे आठ पाय लावले की कोळी. आणि चकली आधीच काटेरी असल्यामुळे तो कोळी फार खानदानी दिसतो. कडबोळ्यांना ‘आतडी’ हे नाव खालच्या मजल्यावरच्या मल्याळी डॉक्टरांनी दिलं; ते सर्जन आहेत, म्हणून कुणी वाद घातला नाही. सोलकढी काचेच्या भांड्यात ओतून तिच्यात सब्जा सोडला. चिवडा तसाच ठेवला. काही गोष्टींना हात लावू नये.

खरी अडचण अनारशांची. अनारशाला खसखस हवी आणि सौदी अरेबियात खसखशीवर बंदी. अफूच्या बोंडातली म्हणून तिची गणना थेट अमली पदार्थांत. त्यामुळे इथल्या मराठी बायका अनारसा तिळावर थापतात. चवीला वाईट नाही, पण सासूबाईंच्या मते तिळावरचा अनारसा म्हणजे संक्रांतीला चुकून आलेली दिवाळी. त्यातले काही तुपात हसले, जाळी होऊन पसरले. एरवी हसलेला अनारसा घरातल्याच माणसांनी स्वयंपाकघरात गुपचूप संपवायचा असतो. या वर्षी प्रथमच तो सन्मानाने ताटात बसला, आणि पाहुण्यांनी “हे कसं केलं?” म्हणून विचारलं.

मगरिबची नमाज आटोपल्यावर मंडळी जमायला लागली. फिलिपिनो शेजारीण सॉसेजना कणकेच्या पट्ट्या गुंडाळून ‘ममी’ करून घेऊन आली; सॉसेज अर्थातच चिकनची. तिने सांगितलं की तिच्या गावी १ नोव्हेंबरला सगळं कुटुंब डबे घेऊन कबरस्तानात जातं, मेणबत्त्या लावतं आणि मेलेल्यांच्या सोबतीला रात्रभर तिथेच बसून खातं-पितं. मी सासूबाईंना मराठीत समजावलं. त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे सर्वपित्री!” सर्वपित्री होऊन तेव्हा महिना झाला नव्हता, आणि ओलायात कावळ्याच्या अभावी पारव्यांना घास घालावा लागल्याचं शल्य त्यांच्या मनात ताजं होतं. पुढचा अर्धा तास या दोघी एकमेकींची भाषा न येता श्राद्धाच्या पदार्थांवर बोलत होत्या. जुन्या इंग्लंडातही या दिवसांत गोरगरीब दारोदार जाऊन मृतांच्या नावाने केलेल्या छोट्या गोड रोट्या मागून न्यायचे. पोरांनी चॉकलेटं मागण्याचं मूळ तिकडे दाखवतात. माझं तर स्पष्ट मत झालं आहे की मेलेला माणूस कुठल्याही देशातला असो, तो भीती घालायला येत नाही, जेवायला येतो. वाढायला उशीर झाला तरच तो भीती घालतो. जिवंतांचंही तेच.

पोरांचा दारोदार फिरायचा कार्यक्रम ओलायातल्या जुन्या इमारतींत विशेष रंगतो. इथल्या घरांना दोन दारं असतात. एक बायकामुलांचं, एक थेट मजलिशीत उघडणारं, पुरुष पाहुण्यांसाठी. पोरांनी एका दारावर चॉकलेट घेतलं, मुखवटे बदलले आणि त्याच घराच्या दुसऱ्या दारावर पुन्हा घेतलं. वास्तुरचनेचा इतका बारकाईने अभ्यास त्यांनी शाळेच्या कुठल्याही प्रकल्पासाठी केलेला नाही.

मला धाकधूक होती ती तळमजल्याची. घरमालकिणीच्या दारावर पोरांनी जाऊ नये असं बजावलं होतं, म्हणून पोरं अर्थातच तिथे गेली. तिने दार उघडलं, पिशव्या घेतलेली रंगीबेरंगी पोरं बघितली आणि तिला भलताच आनंद झाला. तिच्या दृष्टीने हे गिरगियान होतं! आखातात रमजानच्या मध्यावर, चौदाव्या-पंधराव्या रात्री, पोरं नटूनथटून, गळ्यात पिशव्या अडकवून घरोघरी गाणी म्हणत जातात आणि बायका त्यांच्या पिशव्यांत ओंजळी ओंजळी सुकामेवा नि मिठाई घालतात. रमजानला अजून चार महिने होते. पण त्याचा तिने बाऊ केला नाही. बदाम, शेंगा, टॉफ्या. वर गाणं म्हणून दाखवायची अट घातली. आमच्या भुतांनी मग भोंडल्याचं एक गाणं म्हटलं, कारण सगळ्यांना मिळून येत असलेलं तेवढंच होतं. मल्याळी डॉक्टरांच्या मुलालाही ते येतं. आमच्या घरी तो बऱ्याचदा खिरापतीला असतो.

एवढ्या सगळ्यात घाबरलं मात्र कुणीच नव्हतं. दोन चेटकिणी, एक सांगाडा, बँडेज सुटत चाललेली एक ममी आणि एक मुंज्या; तो त्या जूनमध्ये आलेल्या हिंदी सिनेमामुळे. सासूबाईंनी मुंज्याला जवळ बोलावून त्याच्या वेशातल्या चुका सांगितल्या. मुंज्याला सोडमुंजीआधी मरण आलेलं असतं, तेव्हा शेंडी हवी, लंगोटी हवी. हातात मोबाइल तर मुळीच नको. मग त्या पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, “तुम्हाला शिमग्यातला संकासूर दाखवते.”

इथे नवऱ्याचं अनधिकृत योगदान येतं. रत्नागिरीकडे शिमग्यात खेळे निघतात, त्यांच्यात संकासूर असतो: नखशिखान्त काळा वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो घराघरांत नाचतो, अंगणात पोरांच्या मागे धावतो आणि पैसे घेऊन पुढच्या घरी जातो. सासूबाईंच्या देखरेखीखाली दहा मिनिटांत तो ओलायात अवतरला. काळा ट्रॅकसूट, उरलेल्या कार्डपेपरची दोन हात उंच टोपी, कोळ्याच्या जाळ्यातला कापूस दाढीला आणि कमरेच्या पट्ट्याला घरातल्या, ऑफिसातल्या, दोन्ही गाड्यांच्या मिळून सगळ्या किल्ल्या. नवरा एरवी कुणाच्या अध्यात नसतो. पण मुखवटा चढल्यावर त्याच्या अंगात गुहागर संचारलं. दिवे घालवले, मजलिशीचं दार धाडकन उघडलं आणि किल्ल्या खुळखुळवत तो आत झेपावला. सांगाडा रडला. चेटकिणी सोफ्यामागे गेल्या. ममी हारिसच्या मांडीवर जाऊन बसली, आणि हारिस स्वतः ‘बिस्मिल्ला’ म्हणत दोन पायऱ्या मागे सरला. कोपऱ्यातला नरकासुर आडवा झाला, त्याचा एक सुळा तुटला. गोव्याचा असुर रत्नागिरीच्या सोंगाकडून पडला, हे भाऊजींनी अजून मान्य केलेलं नाही.

अर्ध्या तासाने सगळी पोरं “पुन्हा, पुन्हा” करत त्याच्या मागे होती. संकासुराला दक्षिणा म्हणून अकरा रियाल मिळाले. घारगे संपले, ममी-सॉसेजं संपली, सलगमच्या बोटांवर इजिप्शियन आणि मल्याळी पाहुण्यांनी ताव मारला. शुक्रवारी लक्ष्मीपूजनाला दाताळ कंदीलच गॅलरीत लागला, कारण दुसरा करायला कबाबाच्या काड्या शिल्लक नव्हत्या. नरकासुराचे तुकडे करून ते बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचरापेटीत गेले आणि मॉप धुऊन वापरात आला. वहिनींनी तेही सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरलाच आली. हॅलोविनपर्यंत डब्यात चिवड्याचा चुरा तेवढा उरला होता आणि भुतांना बाजारच्या बिस्किटांवर भागवावं लागलं. पोरांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. तेव्हा दिवाळीच्या सुमारास इकडे येणाऱ्या सर्व मावश्या, आत्या, सासूबाईंना कळकळीची विनंती: भोपळा आणू नका, इथे चांगला मिळतो. भाजणी आणा, आगळ आणा, घुंगरं आणलीत तर फारच बरं. पण खसखस पुडीत बांधून, चुकून, ‘एवढीशीच तर आहे’ म्हणूनसुद्धा बॅगेत टाकू नका. रियाधच्या विमानतळावर संकासूर चालून जाईल. खसखस चालत नाही.